तांड्याची नोंद आणि माझं तोंड

आमच्या तांड्यानं नोंदीचं काम मला दिलं, ते मी हुशार आहे म्हणून नाही. मी कुणाशी बोलत नाही म्हणून. बैठकीत तांड्याचे कारभारी म्हणाले, "हिच्या पोटातली गोष्ट हिच्या नवऱ्याला बी कळत न्हाय. हिला द्या." सगळे हसले. माझे मालकही हसले. मी पदराआड हसले, कारण दुसरं काही करायचं तर तोंड उघडावं लागलं असतं. मी गप्प आहे म्हणजे कबूल आहे, असं धरून काम माझ्या गळ्यात पडलं. माझ्या आयुष्यातल्या बऱ्याच गोष्टी अशाच ठरलेल्या आहेत. लग्नसुद्धा.

आमचा तांडा उमरग्याच्या अलीकडं माळावर आहे. घरात आम्ही आमची बोली बोलतो, पण ती लिहायला मला कुणी शिकवलं नाही. चौथीपर्यंत शिकले ते मराठीत, म्हणून हेही मराठीतच लिहिते. कागदावर आमचा तांडा नाही. कागदावर आहे ते पलीकडचं मोठं गाव, आणि आम्ही त्याचा एक वॉर्ड. नळ, रस्ता, दिवे, जे त्या गावाला पुरून उरेल ते आमच्याकडं येतं. म्हणून तांड्याची वेगळी ग्रामपंचायत मागायची ठरली. त्यासाठी माणसं किती ते दाखवावं लागतं, आणि मोजणारी माणसं नेमकी आम्ही ऊस तोडायला गेल्यावर येतात. कुलूप बघून 'बंद घर' लिहितात आणि जातात. त्यांच्या हिशोबानं आमच्या तांड्यात म्हातारी माणसं आणि शेळ्या राहतात.

धाराशिवहून एका संस्थेच्या ताई आल्या होत्या. माणूस चांगलं. म्हणाल्या, आम्ही मोबाईलमध्ये सगळी माहिती भरून देतो, काही द्यावं लागणार नाही.

माझे सासरे तांड्याचे नायक, म्हणजे प्रमुख. त्यांनी विचारलं, "मंग ती माहिती ऱ्हाती कुठं?"

"आमच्याकडं राहील, काका."

"आन् आमाला लागली तर?"

"मागा की. आम्ही देऊ."

सासऱ्यांनी तंबाखू मळली. "आपल्याच घरातलं आपुनच मागायला जायचं," ते म्हणाले, "बरं न्हाय दिसत."

त्याला कारण होतं. मागं एकदा कुणीतरी असंच सगळं लिहून नेलं होतं. कोण तोडीला जातं, कुणाच्या घरात आजारपण, कुणाला पैशाची नड. ते कागद कुठं गेले कळलं नाही, पण पुढच्या हंगामाला अनोळखी मुकादम बरोबर त्याच दारांत उचल घेऊन उभे राहिले. नडलेल्या माणसाला आगाऊ पैसे दिले की मुकादम म्हणेल त्या कारखान्यावर तो जातो. त्या वर्षी दोन घरं अशी गेली, की ती कुठं आहेत हे आम्हाला थेट शिमग्याला कळलं.

म्हणून बैठकीनं ठरवलं, की नोंद आपणच करायची, रजिस्टर तांड्यातच ठेवायचं आणि बैठकीला विचारल्याबिगर एकही नाव बाहेर द्यायचं नाही. सासऱ्यांनी वर आणखी एक घातलं. नोंद करणारीनं सगळी नावं बैठकीत मोठ्यानं वाचायची. ज्याचं त्यानं 'लिवा' म्हटलं की नाव पक्कं. जे वाचलं नाही ते लिहिलेलं धरायचं नाही. सगळ्यांनी माना डोलावल्या. मीही मागं बसून डोलावली. वाचणारी मीच आहे, हे तेव्हा डोक्यात शिरलंच नाही.

त्या वर्षी आमचं घर तोडीला गेलं नव्हतं, म्हणून मी घरोघर जायला लागले. काय विचारायचं ते भाकरी थापताना पाठ करायची आणि दारात गेलं की विसरायची. रजिस्टर छातीशी धरून नुसती उभी राहायची. पहिल्याच घरात आजीनं विचारलं, "काय गं, साखर पायजे का?" नको म्हणायला बोलावं लागतं. मी साखर घेऊन परत आले. दुसऱ्या दिवशी दुसऱ्या घरातूनही साखरच आली. सासूबाई वाटीकडं बघून म्हणाल्या, "नोंद कराय जातीस का चहाच्या तयारीला?"

तिसऱ्या दिवसापासून त्या माझ्याबरोबर यायला लागल्या. त्या बोलायच्या, मी लिहायची. त्या उंबऱ्यावर टेकल्या की घरातली माणसं विचारलं नसलेलंही सांगायची. कुणाची सून रुसून बसली, कुणी कुणाचा बांध कोरला. मी फक्त नावं लिहिली. त्यात माझा भलेपणा काही नाही. जोडाक्षरं काढण्यातच माझा जीव जायचा, भांडणं लिहायला ताकद कुठली उरणार.

तोडीला गेलेल्यांची नावंही त्यात होती. कुलूप लावलेल्या घराचीही सगळी माणसं शेजाऱ्यांना विचारून लिहिली होती. त्याचा मात्र मला अभिमान वाटायचा. मी तो कुणाला सांगितला नाही.

रजिस्टर भरत आलं तेव्हा त्या ताई परत आल्या. घरी मी एकटीच होते. त्यांनी कौतुक केलं आणि मोबाईल काढला. "वहिनी, नुसते फोटो काढून घेते. तुमच्याच अर्जाला जोडू."

मला नाही म्हणता येत नाही. दारात येणाऱ्या भांडीवाल्यालाही येत नाही, म्हणून आमच्या घरात नको तेवढ्या चाळण्या आहेत. मी हो म्हणाले नाही, नाही म्हणाले नाही. रजिस्टर खाटेवर होतं. मी त्याच्यावर बसले.

ताईंनी मोबाईल खाली घेतला. "वहिनी, रजिस्टर?"

मी पदर सारखा केला.

मग त्यांनी सगळं समजावून सांगितलं, अर्ज कसा लवकर सरकेल ते. मी मान डोलावत राहिले, पण उठले नाही. चहा करायला हवा होता. पाहुणी आली आणि चहा नाही, असं आमच्या घरात कधी झालेलं नाही. पण उठले असते तर रजिस्टर उघडं पडलं असतं. शेवटी ताईच म्हणाल्या, "मी करू का चहा?" मी डबा बोटानं दाखवला. त्यांनी चहा केला, मला कप दिला आणि माझ्यासमोर बसून प्यायल्या. जाताना हसून म्हणाल्या, "बरं वहिनी, कळलं मला. बैठकीलाच विचारते." बाई समजूतदार होती. मी त्या दिवशी तांड्याची राखण केली खरी, पण कोंबडी अंड्यावर बसते तशी.

टोळ्या तोडीहून परत आल्यावर बैठक बसली, सकाळच्या उन्हात, देवळाच्या ओट्यापुढं. पुरुष पुढं, बायका मागं, मी मधोमध. आवाज निघत नव्हता. मागून एक मावशी म्हणायची, "ऐकू येईना गं," मग मी परत वाचायची. पण एकेक घर होत गेलं. "लिवा." "लिवा." मी वाचणं तांड्याच्या लांबच्या टोकापासून धरलं होतं, त्यामुळं आमचं घर शेवटी आलं. तिथं आल्यावर मी थांबले.

आमच्यात सून सासऱ्याचं नाव तोंडानं घेत नाही. नवऱ्याचंही नाही. लिहायला कुणी मनाई केलेली नाही, म्हणून मी ती दोन्ही नावं आरामात लिहून ठेवली होती. हाताला लाज वाटलीच नाही. ज्या दिवशी वाचायचा नियम झाला त्या दिवशी हे पुरुषांच्या ध्यानात आलं नाही, कारण ते दिवसभर एकमेकांची नावंच घेत असतात. आणि बायकांना कुणी विचारलं नव्हतं.

"वाच की, बाई," कारभारी म्हणाले.

"कशी वाचंल?" मावशी म्हणाली. "सासरा म्होरंच बसलाय."

"मंग तेवढं नायकांचं सोडा," कुणीतरी म्हणालं.

"सोडा कसं? वाचलं न्हाय ते लिवलं न्हाय. नायकच बोललेत."

"म्हंजे नायकच तांड्यात न्हाईत की."

हशा पिकला. माझे मालक उठले. म्हणाले, "आणा हिकडं, म्या वाचतो."

"तुला दिलंय का काम?" सासरे म्हणाले. मालक बसले. "आज घरचा वाचंल, उद्या गावातला कोन बी येऊन म्हनंल म्या वाचतो. जिचं काम तिनंच वाचायचं."

त्यांचं खरं होतं. तांड्यानं एवढं जपलेलं सगळं त्या एका ओळीवर येऊन अडलं होतं, आणि ती ओळ माझ्या तोंडात होती. मला वाटलं, आता भुईनं पोटात घ्यावं. तेवढ्यात सासरे उठले, आमच्याकडं पाठ करून देवळाकडं तोंड करून बसले. "म्या ऐकत न्हाय," ते म्हणाले. "वाच."

मीही त्यांच्याकडं पाठ केली. माळाकडं तोंड करून त्यांचं नाव घेतलं. भीतीनं की काय, ते एवढ्या मोठ्यानं निघालं की पलीकडच्या शेळ्यांनी माना वर केल्या. मागून आवाज आला, "लिवा." सुनेला सासऱ्यानं नुसतं 'लिव' म्हटलं असतं तरी चाललं असतं. ते मात्र नियमाप्रमाणं बोलले.

मग मालकांची ओळ. ते मिशीवरून हात फिरवत माझ्याकडंच बघत होते. "म्या बी पाठ फिरवू का?" असं विचारलं, आणि मागच्या सगळ्या बायका तोंडात पदर कोंबून हसायला लागल्या. मी तोंड उघडलं, मिटलं, परत उघडलं. सासऱ्यांचं नाव भीतीनं तरी निघालं होतं. यांची मला भीती वाटत नाही, तीच पंचाईत झाली. मी रजिस्टर मिटलं.

कारभारी म्हणाले, आता सगळं झालंच आहे, धरू एक नाव. सासरे म्हणाले, "वाचलं न्हाय, धरायचं न्हाय." आपल्या पोराचं नाव होतं, तरी म्हणाले. उमरग्याला अर्ज गेला तो माणसांचा आकडा लिहून, एक कमी करून. नावं इथंच राहिली. अर्ज आता वर गेला आहे म्हणतात. वर म्हणजे कुठं ते कुणाला ठाऊक नाही.

मालकांनी मात्र ही गोष्ट चांगलीच धरून ठेवली आहे. पाणी आणा म्हटलं, सरपण फोडा म्हटलं, की खाटेवर पसरून म्हणतात, "आमी तांड्यातले न्हाय, बाई. पाव्हण्याला कोन काम सांगतंय व्हय?" एक नाव घेतलं तर सगळं मिटेल, हे मला कळतं. तरी मी घागर उचलते आणि जाते.