कुशीला कान

पोटाच्या ऑपरेशननंतर वडील वॉर्डात पडून आहेत. आज सकाळी डॉक्टरांनी त्यांच्या पोटावर स्टेथोस्कोप टेकवला आणि मला आमचा तबेला आठवला.

वडील टांगा चालवायचे. सकाळी चूळ भरण्याआधी ते रुपाच्या, म्हणजे आमच्या घोडीच्या, कुशीला कान लावून उभे राहत. आत गुरगुर ऐकू आली की त्यांचा चेहरा सैल होई. मग खरारा, पाणी, भिजवलेल्या हरभऱ्याची चंदी. आईचा चहासुद्धा त्यानंतर. घोडीचं पोट बोललं नाही तर घरात कुणी बोलत नसे. "घोड्याला ओकता येत नाही गं," ते मला सांगायचे. "आत अडकलं की जिवावरच बेततं. दुखायला लागलं की ती मान वळवून आपल्याच कुशीकडे बघते. तेवढंच तिचं सांगणं."

इतरांना शांतता हवी असते. आम्ही मात्र शांततेची धास्ती घेऊन वाढलो.

डॉक्टर बराच वेळ ऐकत राहिले. "अजून आवाज नाही. उद्या बघू," म्हणाले आणि पुढच्या खाटेकडे वळले.

ते गेल्यावर मी चादर सारून वडिलांच्या पोटाला कान लावला. माझीच धडधड तेवढी ऐकू आली.

"काय म्हणतंय?" वडिलांनी विचारलं.

"बोलतंय की."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मग उशीवरची मान हळूच वळवली आणि ते आपल्या कुशीकडे बघत राहिले.