चुकलेल्या उत्तरावर सही
डोंबिवलीच्या कॉलेजात मी फिजिक्स शिकवायला लागले, तेव्हा पहिल्या वर्षाच्या प्रत्येक जर्नलमध्ये लंबकाच्या प्रयोगाचं उत्तर, म्हणजे गुरुत्वाकर्षणाचा आकडा, एकच असायचं, पुस्तकातलं. मुलं आधी उत्तर लिहायची आणि मग त्याला जुळणारी रीडिंग्ज भरायची. मी वर्गात सांगून टाकलं, "जे मोजलंत तेच लिहा. नाहीतर माझी सही मिळणार नाही."

आंबिवलीहून येणाऱ्या एका मुलीचं उत्तर फारच जास्त आलं.

"मॅडम, खोडू का?"

"अजिबात नाही. का आलं ते शोध."

तिने पुन्हा पुन्हा गोळा सोडून पाहिला आणि एकदम हसली. "मॅडम, गोळा सोडतानाच मी 'एक' म्हणत होते! वीस म्हणाले तेव्हा झोके एकोणीसच झालेले. म्हणून एका झोक्याचा वेळ कमी आला आणि उत्तर वाढलं."

तिने ते तसंच खाली लिहिलं. मी सही केली.

विभागप्रमुखांनी मला बोलावलं. "बाहेरचे परीक्षक येणार आहेत. ते पान बदलून घ्या."

"नाही सर. तिने स्वतःची चूक स्वतः शोधली आहे. हवं तर लेखी विचारा, मी लेखी उत्तर देते."

त्यांनी विचारलं नाही. परीक्षकांनी मात्र तिचे दोन मार्क कापले. मला वाटलं, ती रडेल.

"कापू देत," ती म्हणाली. "मला कळलंय ना!"