सावकाश मंडळ

घाई नावाचा पदार्थ माझ्या मामांनी जन्मात कधी चाखला नाही, आणि ज्याने चाखला त्याला त्यांनी जानेफळात सुखाने राहू दिलं नाही. मामांचे दात घासून होईपर्यंत मामींच्या भाकरी थापून होत. मेहकरच्या कचेरीत सोमवारी काम असलं की मामा शनिवारीच दमणी जुंपत. त्यांचे बैलही मालकाच्या वळणावर गेलेले. पायी जाणारी माणसं दमणीच्या बरोबरीने चालत मामांशी गप्पा मारत, आणि गप्पा संपल्या की रामराम करून पुढे निघून जात. एकदा मी कंटाळून दमणीतून उतरले, भराभर चालत मेहकर गाठलं आणि एका ओट्यावर बसून राहिले. दमणी आली तेव्हा ऊन कलायला लागलं होतं. मामा शांतपणे म्हणाले, "पोचली ना लवकर? मंग काय केलं? वाटच पाहत बसली ना?"

मी मात्र त्यांची सख्खी भाची असून वेगाची वेडी. खामगावहून मेहकरला सर्व्हिस मोटार सुरू झाली तेव्हा मला आकाश ठेंगणं झालं! माझं सासर मलकापूरचं. रेल्वेने खामगावला यायचं, मोटारीत ड्रायव्हरच्या शेजारची जागा पटकवायची आणि डोक्यावरचा पदर सावरत, दोन्ही बाजूंची शेतं मागे पळताना पाहत जानेफळला उतरायचं, यासारखं सुख नव्हतं. ड्रायव्हर बीबी गावाकडचा, शेतकऱ्याचा पोरगा. मोटारीला तो बैलासारखाच चुचकारी आणि रस्ता मोकळा दिसला की बैलासारखीच शेपटी पिरगाळल्यागत पळवी. गावातून जातानाही त्याचा पाय हलका होत नसे. भोंगा वाजवला की आपलं कर्तव्य संपलं, अशी त्याची समजूत होती.

आणि इथेच मामांचं युद्ध सुरू झालं. मामींना एका तापानंतर ऐकू येईनासं झालं होतं. विहीर रस्त्याच्या पलीकडे, आणि देवाचं पाणी मामी दुसऱ्या कोणाला आणू देत नसत. एक दिवस त्या घागर घेऊन येत असताना मोटार भोंगा वाजवत इतक्या जवळून गेली की त्यांचा पदर उडाला आणि घागर पडून फुटली. मामी घरी येऊन म्हणाल्या, "काय वारं सुटलं हो आज!" मामा त्या दिवशी जेवले नाहीत. गावाला मामींचं दुखणं ठाऊक होतं, पण परक्याच्या कानावर ते जाऊ नये, लोक बहिरी म्हणून बोट दाखवतील, अशी मामींनी शपथ घातलेली. तेव्हा मामांनी बायकोचं नाव न काढता अख्ख्या समाजाचा जीव वाचवायचं ठरवलं आणि 'सावकाश मंडळ' काढलं.

मंडळाचे अध्यक्ष अर्थातच मामा. पोस्टमास्तर चिटणीस झाले. तिसरे सभासद कुंभारदादा, कारण मोटारीला बुजून त्यांच्या बैलाने मडक्यांची गाडी नाल्यात घातली होती. पहिली अडचण ही, की मोटार जोरात जाते हे सिद्ध कसं करायचं? मामांनी तोड काढली. गावाबाहेरच्या निंबापासून मारुतीच्या देवळापर्यंत मोटार येईस्तोवर एकोणतीसचा पाढा पुरा म्हणून झाला पाहिजे. झाला तर मोटार सज्जन, अपुरा राहिला तर गुन्हेगार! तिघे आळीपाळीने निंबाखाली बसू लागले. पोस्टमास्तर पाढासुद्धा सरकारी कागद वाचावा तसा म्हणत, त्यामुळे त्यांच्या पाळीला बैलगाड्याही दोषी ठरत. कुंभारदादांना एकोणतीसचा येतच नव्हता. ते बिचारे दोनचा म्हणून मोकळे होत आणि सगळ्यांना निर्दोष सोडत. मामांचं तर काय सांगावं! मोटार दिसली की ते एवढे खवळत की एकोणतीस एके एकोणतीसच्या पुढे जीभच वळत नसे. एकदा पोस्टमास्तरांनी ड्रायव्हरला अडवून तुझ्यामुळे पाढा 'एकोणतीस सक'वरच राहिला म्हणून खडसावलं, तेव्हा तो म्हणाला, "मंग तुम्ही पाढा जोरात म्हना ना साहेब! मी काऊन गाडी हळू करू?"

मग मामांनी बुलढाण्याला अर्ज करायचं ठरवलं. मामांचा अर्ज तो. एकेक ओळ लिहून वाळवत, वाचत, पुन्हा लिहीत. तो पुरा होईपर्यंत ज्यांच्या नावाने लिहायला घेतला ते साहेबच बदलून गेले. मामांनी मायना खोडला आणि नव्या साहेबांसाठी पहिल्यापासून सुरुवात केली.

शेवटी त्यांना ती जगावेगळी युक्ती सुचली. रस्त्यावर आडवं तोरण बांधायचं! "आंब्याच्या पानाचं तोरण तोडाची कोनाची छाती हाये?" मामा म्हणाले, आणि मंडळाने माना डोलावल्या. पोळ्याला चार दिवस राहिले होते. घरोघरी बैलांची शिंगं रंगत होती, झुली निघत होत्या. तरीही त्या अख्ख्या शेतकरी गावात एकाच्याही डोक्यात आलं नाही की वऱ्हाडी माणसाला तोरण पाहून काय आठवतं ते.

त्या दिवशी मी मोटारीत होते, ड्रायव्हरच्या शेजारीच. समोर तोरण, दोन्ही बाजूंना माणसं! ड्रायव्हरने खरंच गाडी थांबवली. मामांचा चेहरा काय फुलला म्हणता! पोस्टमास्तरांनी पुढे होऊन मोटारीला कुंकू लावलं, कोणी हार घातला, आणि एवढी गर्दी जमलीच आहे तर म्हणून एका म्हाताऱ्याने सवयीने झडती, म्हणजे पोळ्याला बैलांपुढे म्हणतात ती कवनं, म्हणायला सुरुवात केली. लोकांनी जयजयकार केला. मग ड्रायव्हरने गाडी हळूच पुढे घेतली, टपावरच्या ट्रंकेत तोरण अडकलं आणि कडकन तुटलं. झालं! "फुटला रे, पोळा फुटला!" म्हणून सगळं गाव एका तोंडाने ओरडलं. मीही ओरडले, खोटं कशाला बोलू? पोळ्यात तोरण तुटलं की बैल पळवायचा, हे ड्रायव्हरच्या रक्तातच होतं. त्याने दात आवळले आणि मोटार अशी सोडली की मी मागे आपटले. मला इतका आनंद झाला की मी टाळ्या वाजवल्या.

आणि समोर मामी दिसल्या. डोक्यावर घागर, पाठ आमच्याकडे, रस्त्याच्या अगदी मधोमध. ड्रायव्हर भोंग्यावर भोंगा दाबत होता. "सरकत काऊन नाही हे बाई?" तो ओरडला. मी नुसती त्याची बाही ओढत राहिले.

तेवढ्यात मामा धावले. जन्मात न धावलेला माणूस! काष्टा सुटलेला, पगडी कुठे पडलेली, विहिरीकडच्या आडवाटेने ते मोटारीच्या पुढे आले आणि दोन्ही हात पसरून मामींच्या पाठीशी उभे राहिले. ड्रायव्हरने सगळं अंग टाकून ब्रेक दाबला. मोटार थांबली तेव्हा मामांचे तळवे तिच्या नाकाला टेकले होते. पायाखालची जमीन हादरली म्हणून की काय, मामींनी वळून पाहिलं. मोटार, गर्दी आणि सुटल्या धोतराचा नवरा पाहून त्या म्हणाल्या, "अहो, या वयात पयता काय? लोकं काय म्हनतीन!" मामा हसले आणि तिथेच मटकन बसले.

ड्रायव्हर खाली उतरला. "तोरण तुटलं का पयवाच लागते, मामा, लहानपनापासून तेच शिकलो," तो रडवेला होऊन म्हणाला. मामींची पाठ वळल्यावर मी शपथ मोडली आणि त्याला काय ते सांगितलं. तो मामांकडे वळला. "दोन महिने पाढे म्हनत बसले बावा! हे एक गोठ सांगतली असती तं मी तवाच थांबलो असतो ना!"

त्या दिवसापासून विहिरीपाशी मोटार थांबू लागली. मामी पाणी घेऊन जात, मग गाडी हले. मंडळाला काही काम उरलं नाही, पण मामा रोज त्या वेळेला हटकून विहिरीवर येत. मी चिडवलं की म्हणत, "देखरेख कराच लागते."

पुढे काही वर्षांनी मामी गेल्या. दिवसकार्यानंतर मी मलकापूरला परत निघाले तेव्हा माझ्याबरोबर मामा रस्त्यापर्यंत आले. ड्रायव्हर इतके दिवस गावी गेला होता, आजच कामावर आला होता, त्याला काही कळलं नव्हतं. त्याने नेहमीसारखी विहिरीपाशी गाडी थांबवली आणि वाट पाहत राहिला. आतले लोक कुरकुरू लागले. मामा हळूहळू त्याच्या बाजूला गेले. "नाही येत आता ते," एवढंच म्हणाले. ड्रायव्हरने खाली मान घातली. मी गाडीत चढले, आणि त्या दिवशी मला वेग नको होता, मुळीच नको होता. गाडी हलणार तोच मामांनी ड्रायव्हरच्या हातावर हात ठेवला.

"पन थांबत जाय बरं, बाबू. मी येत जाईन."