धुतलेला दगड

खडक तपासायच्या प्रयोगशाळेत तिला सगळे थेंबमावशी म्हणत. तेलविहिरीच्या पोटातून काढलेला खडक टेबलावर आला, की त्याच्या चकतीवर ती पाण्याचा थेंब सोडायची आणि डोळे बारीक करून बघत बसायची. थेंब पसरला, तर खडक पाण्याचा सोयरा; टम्म बसून राहिला, तर तेलाचा. पाण्याच्या सोयऱ्यात पाणी बारीक भोकांच्या भिंती धरून शिरतं आणि तेलाला बाहेर काढतं. तेलाच्या सोयऱ्यात मात्र तेल भिंतींना चिकटून बसतं, अन् पाणी आलेल्या पाहुण्यासारखं मधूनच निघून जातं.

"मावशी, झालं का?" साहेब दारातून विचारत.

"मुरतंय, साहेब."

"तुमच्याकडे बघावं तेव्हा कुठेतरी पाणी मुरतंय!"

"पाणी नाही, तेल. पाणी मुरलं असतं तर आधी तुमची चौकशी लागली असती."

मुरवणं हे तिचं खास काम. औषधात उकळून धुतलेला खडक लख्ख होतो, पण खोटं बोलतो. जन्म तेलात काढलेला, आणि धुतल्यावर पाणी गटागटा पितो. मग त्याच्याच विहिरीचं तेल पाजून त्याला गरम भट्टीत आठवडेच्या आठवडे ठेवायचं, तेव्हा कुठे त्याला आपला स्वभाव आठवतो.

हे शहाणपण तिला उशिरा आलं. नवी नोकरी लागली तेव्हा ती नुसती धुण्याच्या खोलीत होती, आणि घरातही नवीच होती. नवऱ्याची दुसरी बायको. पहिलीची लहानगी लेक आईची शाल उशाशी घेऊन झोपायची. शाल कळकट झालेली. हिनं मायेनं ती दोनदा साबण लावून धुतली, उन्हात वाळवली, घडी करून ठेवली. पोरीनं शाल नाकाला लावली. पुन्हा लावली.

"तुम्ही आईला धुऊन टाकलंत," ती म्हणाली.

तेव्हापासूनचं ते 'तुम्ही'. वेणी घालून घेताना 'तुम्ही', तापात कपाळ चेपून घेताना 'तुम्ही', बाप गेला तेव्हा गळ्यात पडून रडतानाही 'तुम्ही'. शेजारची पोर आईवर "ए, तू गप गं!" म्हणून खेकसली, तरी मावशी हेव्यानं बघत राहायची. आपल्याला कुणी असं कधी खेकसणार?

लेक नोकरीला परगावी गेली. यंदा चार दिवस येऊन राहिली. निघायच्या सकाळी गारठा होता. मावशी कामावर पांघरायची ती जुनी शाल लेकीनं खुंटीवरून ओढली.

"अगं, ती नको! घासलेटच्या डब्यासारखा वास मारतो तिला. कपाटातली चांगली देते."

"हीच हवी."

"मग निदान खळबळून तरी देते. गाडीत लोक नाक धरतील."

मावशीनं हात पुढे केला. लेकीनं शाल छातीशी धरली, नाकाला लावली. पुन्हा लावली.

"धुऊ नकोस," ती म्हणाली, आणि पिशवी उचलून जिना उतरली.

मावशीचा पुढे केलेला हात तसाच राहिला. नकोस. पोचल्याच्या फोनवर पुन्हा "तुम्ही जेवलात का?" येईल, हे तिला ठाऊक होतं. येऊ दे. भट्टीचं दार मधेच उघडून बघायचं नसतं.