डाळजकरने खाल्लेली बोलणी

रोल विकायला आलेली ही मुलगी मिलच्या मालकाला पहिलं वाक्य म्हणायची, "तुमचा मोडलेला माल कुठं टाकलाय? त्यो दावा आदी." मालक गोंधळायचे. चहा सांगितलेला असायचा, कॅटलॉग टेबलावर उघडा असायचा, आणि ही ओढणी कमरेला खोचून भंगाराच्या ढिगाकडे निघालेली. तिथे उकिडवी बसून तुटलेल्या रोलच्या तोंडावरून ती तळवा फिरवायची. कडेची पांढरी, कडक साल किती जाड आहे, करडा गाभा कुठून सुरू होतो, तडा बाहेरून आत गेलाय की आतून बाहेर आलाय, हे सगळं बघून झालं की उठायची आणि म्हणायची, "चला, आता च्या घिऊ."

तिचं नाव वेगळं होतं, पण ती रोज डाळजहून स्कूटीवर यायची म्हणून बारामती एमआयडीसीतल्या आमच्या फाउंड्रीत सगळे तिला डाळजकरच म्हणत. आम्ही सळया बनवणाऱ्या मिलसाठी रोल ओततो. लाल तापलेलं लोखंड ज्या दोन जाड लाटण्यांमधून दाबून काढतात, ती लाटणी म्हणजे रोल. मिलमध्ये अशा जोड्यांची रांग असते, एकेका जोडीला स्टँड म्हणतात. पहिल्या जोडीला दणका सोसावा लागतो, तिथे चिवट रोल हवा. शेवटच्या जोडीला दणका नसतो, तिथे कडक आणि गुळगुळीत हवा. मधल्या जोड्यांना काय द्यायचं, हेच आमच्या धंद्यातलं खरं शहाणपण. ते पप्पांकडे होतं. त्यांच्यानंतर ते माझ्याकडे यावं म्हणून मी धातुशास्त्राची पदवी घेऊन आले. मी आले तेव्हा ते डाळजकरकडे जायला लागून तीन वर्षं झाली होती.

ती माझ्याच वयाची. आयटीआय केलेली. तिच्या आजोबांची मेंढरं होती, आता घरी ऊस आहे. आजोबांचं एक वाक्य ती कुठेही चिकटवायची. "आज्जा म्हणायचा, बकरं घेताना बकरं बघू नगं, त्याचं रान बघ." मिलमध्ये गेली की रोलवर पाणी कुठून पडतं, बिलेट, म्हणजे लाटायचा लोखंडी ठोकळा, भट्टीतून कितपत लाल होऊन येतो, हे ती बघत बसायची. मी हार्डनेसचे आकडे लिहून घेत असायचे. परतताना गाडीत पप्पा मागे वळून विचारायचे, "काय दिसलं गं?" हा प्रश्न मला नसायचा. मी पुढच्या सीटवर असायचे, तरी नसायचा.

पप्पांची बोलीही दोन प्रकारची होती. मला इंग्लिश मीडियममध्ये घातल्यापासून ते माझ्याशी जपून बोलतात. "बाळा, तुझं जेवण झालं का?" असं, पाहुण्यांशी बोलल्यासारखं. डाळजकरशी मात्र त्यांचं मूळ तोंड उघडायचं. "आगं ए, हितं ये, ह्ये काय करून ठेवलंस?" तीही कमी नव्हती. "आबा, चष्मा लावा आन् मग वरडा." मोल्डिंगवाले हसायचे. मी केबिनच्या काचेआडून बघायचे आणि लॅपटॉपवर काहीतरी टाइप करायचे. दुपारी पप्पा घरचा डबा बाजूला सारून तिच्या डब्यातली उजनीची चिलापी खायचे. काटे काढायला घरी त्यांना आईची मदत लागते. इथे लागत नसे.

मला ती आवडत नव्हती असं लिहिलं तर सोपं होईल. पण ती आवडायची. मला बोलायला वेळ लागतो हे तिने पहिल्या आठवड्यात ओळखलं होतं. माझं वाक्य संपेपर्यंत थांबणारी त्या शेडमध्ये ती एकटीच होती. त्याचाही मला राग यायचा.

मग इंदापूरच्या बाजूच्या एका मिलची ऑर्डर आली. मधल्या जोडीचे रोल फार लवकर झिजत होते. पप्पा तेव्हा डोळ्याच्या ऑपरेशनसाठी घरी होते. मिलने मेलवर झिजेचा रिपोर्ट पाठवला होता. मी तो अभ्यासला आणि आधीपेक्षा बराच कडक रोल सुचवला. डाळजकर म्हणाली, "ताई, एकदा मिल बघून येऊ. तासाचं काम हाय."

"रिपोर्ट आहे ना. गरज नाही."

गरज होती की नाही, याचा मी विचारच केला नव्हता. तिच्याबरोबर जायचं, ती भंगारात बसणार, आणि तिला काहीतरी दिसणार, एवढंच डोळ्यांसमोर आलं. निवडीच्या कागदावर मी सही केली. खाली तपासणाऱ्याची सही लागते. तिने कागद बराच वेळ हातात धरला, माझ्याकडे बघितलं आणि सही केली.

मिलमध्ये बसवल्यावर रोल तिसऱ्या दिवशी मोडला. मिलमधल्या पाण्याच्या पाइपांत गाळ बसला होता. रोल गार होतच नव्हता, म्हणून झिजत होता. आमचा कडक रोल त्या उष्णतेने तडकला आणि टोकाच्या बारीक मानेजवळ तुटला. कोणाला लागलं नाही, हे नशीब.

पप्पा हिरवी पट्टी लावलेल्या डोळ्याने फाउंड्रीत आले. केबिनमध्ये माझ्या डोक्यावरून हात फिरवून म्हणाले, "असू दे बाळा, होतं असं. मनाला लावून घेऊ नकोस." मग बाहेर गेले आणि डाळजकरला हाक मारली.

त्या दिवशीची बोलणी मी काचेआडून शब्दन् शब्द ऐकली. "तुला दिसत हुतं न्हवं? मंग सही का केलीस?" ती पुटपुटली, "ताईंची सही हुती वर." पप्पांचा आवाज छपराला लागला. "सही रोल बघून करायची का मान्सं बघून? ती शिकून आलेली पोर, तिला काय ठावं! तुला ठावं हुतं! तुझ्याकडनं ह्ये न्हाय खपवून घेणार मी." ते ओरडत राहिले, तुटका तुकडा पायाने वळवून तडा दाखवत राहिले, ओरडता ओरडता शिकवत राहिले. ती खाली मान घालून रडत होती.

चूक माझी होती. मी बाहेर जाऊन तसं सांगायला हवं होतं. मी आत बसून त्या मुलीचा हेवा करत होते.

पुढच्या वर्षी तिला कोल्हापूरकडच्या मोठ्या फाउंड्रीत नोकरी लागली. निघताना ती मला म्हणाली, "ताई, तुमी चुकायला लई घाबरता. म्हणून आबा बी तुमाला घाबरत्यात. चुका की जरा." मी हसले आणि थँक यू म्हणाले. वडील मिळवायचे तेही हिच्या सल्ल्याने, या विचाराने रात्रभर जळत राहिले.

तरी मी भंगारात बसायला लागले. कपडे खराब होतात, मालक हसतात, पण बसते. गेल्या महिन्यात एका मिलमध्ये तुटलेला रोल बघून मी शेवटच्या जोडीसाठी नरम, चिवट रोल लिहून दिला. ओतायच्या आदल्या दिवशी, मी तड्याचं चित्र काढलेला तो कागद पप्पांच्या हाती पडला. मी मोल्डिंगच्या शेडमध्ये उभी होते. सगळे होते.

"ह्ये कुणी लिवलंय?"

"मी."

"मोडलेला रोल कुठल्या स्टँडचा हुता, इचारलंस का?"

मी विचारलं नव्हतं.

"पैल्या स्टँडचं मढं बघून शेवटच्या स्टँडची सोयरीक जुळवतीस व्हय? डोळे हायत का बटणं? शिकलीस काय मग इतकी वर्सं?" पप्पा थांबेनात. मोल्डिंगवाले हसायचं विसरले. मध्येच कधी तरी माझ्या तोंडून निघालं, "पप्पा, ओरडा, पण आधी सांगा, कसं ओळखायचं?" आणि त्यांनी खडू घेतला आणि तिथेच जमिनीवर तडे काढून दाखवायला लागले, ओरडतच.

संध्याकाळी मी डाळजकरला फोन केला. सगळं सांगितलं. सोयरिकीवर ती खूप हसली.

"किती येळ बोलले?"

"तास तरी असेल. सगळ्यांसमोर."

तिच्या मागे कुठल्या तरी मशीनचा आवाज येत होता.

"इकडं कुणी वरडत न्हाय, ताई," ती म्हणाली. "चुकलं की मेल येतो." आणि मग, "मला तासभर कदीच न्हाय बोलले आबा."

मला वाईट वाटायला हवं होतं. मी तिला म्हटलं, "खरंच?" आणि ते पुन्हा एकदा तिच्या तोंडून वदवून घेतलं.