घडीवाल्या मॅडम

मॅडमना कोणतीही गोष्ट चुरगळता यायची नाही. बसचं तिकीट, गोळीचा कागद, मुलांनी टाकून दिलेलं कच्चं चित्र, काहीही हातात आलं की त्यांची बोटं आपोआप चालू लागत. आधी उभी घडी, मग आडवी, मग अंगठ्याच्या नखानं दाबून पक्की. उज्जैनच्या आमच्या कॉलेजात झूलॉजीच्या लॅबमधला त्यांच्या टेबलाचा खण अशा घड्यांनी भरलेला असे आणि त्यातली हवी ती घडी त्या बोलता बोलता, न बघता काढत. आम्ही दोन-तीन मराठी मुलींनी त्यांचं नाव घडीवाल्या मॅडम पाडलं. हिंदी मुलांनी ते लगेच उचललं, पण त्यांना वाटलं हे मनगटावरच्या घड्याळावरून आहे, कारण मॅडम घड्याळाची तबकडी मनगटाच्या आतल्या बाजूला फिरवून बांधत. हिंदीतली घड़ी आणि मराठीतली घडी एकाच नावात तीन वर्षं सुखानं नांदल्या.

त्यांची दुसरी खूण म्हणजे जांभळी बोटं. पेशी सूक्ष्मदर्शकाखाली दिसाव्यात म्हणून त्यांना ऑर्सिनचा गडद रंग द्यावा लागतो. मॅडम हातमोजे घालत नसत, "मोज्यात काच कळत नाही," म्हणत. संक्रांतीच्या हळदीकुंकवाला फ्रीगंज वस्तीतली एखादी बाई विचारायचीच, "मेंदी कुठून काढून घेतली हो?"

"कॉलेजातून," मॅडम शांतपणे सांगत आणि तिळाच्या लाडवाचा कागद घडी करून पर्समध्ये टाकत.

"बताओ, आँख पित्त क्यों नहीं बनाती?" हा त्यांचा पहिल्या तासाचा ठरलेला प्रश्न. वर्ग हसायचा. मॅडम हसू संपेपर्यंत थांबत आणि मग सांगत: डोळ्याच्या पेशीत आणि यकृताच्या पेशीत डीएनए तोच. पित्त कसं करायचं ही माहिती डोळ्याकडेही आहे. पण माणसाच्या उंचीहून लांब असा तो धागा नुसत्या नजरेला न दिसणाऱ्या पेशीत मावायचा, म्हणजे प्रथिनांच्या रिळांवर गुंडाळून, वळीवर वळी घालून ठेवावा लागतो. या गुंडाळलेल्या धाग्याला क्रोमॅटिन म्हणायचं. जिथे तो सैल असतो तिथली जनुकं वाचता येतात. जिथे घट्ट, तिथे पेशीची यंत्रणा पोचतच नाही. जनुक असतं, पण गप्प. डोळ्यात पित्ताची जागा घट्ट बांधलेली असते, एवढंच. "और ये गाँठ हर जगह हमेशा की नहीं होती," त्या म्हणत, "कहीं-कहीं वक़्त आने पर ढीली भी होती है."

अर्धा वर्ग हे परीक्षेपुरतं लिहून घेई. मी त्या तासाची वाट बघायचे.

माझी उंची साडेचार फूट. बाबांची बँकेत बदली झाली म्हणून आम्ही नाशिकहून उज्जैनला आलो आणि इथलेच झालो. शाळेपासून कॉलेजपर्यंत सगळे मला 'छोटी' म्हणत. मॅडम आडनावानं हाक मारत, कुलकर्णी. कॉलेजच्या पहिल्या आठवड्यात लॅबच्या उंच ओट्यावरच्या सूक्ष्मदर्शकात मी टाचा उंचावून बघत होते. दुसऱ्या दिवशी माझ्या जागेपाशी जमिनीवर एक लाकडी पाट होता. कोणी ठेवला ते कोणी बोललं नाही. तीन वर्षं तो तिथेच राहिला.

शेवटच्या वर्षी सेक्स क्रोमॅटिनचं प्रॅक्टिकल आलं. नावानंच मागच्या बाकावरच्या मुलांना खोकला झाला. मॅडमनी फळ्यावर लिहून दिलं: स्त्रीच्या पेशीत दोन एक्स गुणसूत्रं असतात. काम एकाचंच चालतं. दुसरं पेशी इतकं घट्ट गुंडाळून ठेवते की ते केंद्रकाच्या कडेला काळपट ठिपक्यासारखं दिसतं. पुरुषाच्या पेशीत एकच एक्स, आणि तो कामात असतो, म्हणून ठिपका नाही. प्रत्येकानं आइस्क्रीमच्या लाकडी चमच्यानं स्वतःच्या गालाची आतली बाजू हलकेच खरवडायची, काचेवर पसरायची, रंग द्यायचा आणि शोधायचं.

शेजारच्या रेहानाला पाच मिनिटांत ठिपका सापडला. मी काच इकडून तिकडे सरकवत होते. पेशी छान पसरल्या होत्या, केंद्रकं स्वच्छ दिसत होती, आणि एकातही काही नव्हतं. रेहाना वाकून बघायला आली.

"अरे छोटी, तेरे में तो है ही नहीं! तू लड़का है क्या?"

ती लाडानंच बोलली होती, पण तिचा आवाज मुळातच मोठा. मागचा बाक हसला. मॅडम आल्या, मला बाजूला करून त्यांनी डोळा लावला. बराच वेळ त्या बघत होत्या. मग त्यांनी ती काच उचलली आणि सरळ नळाखाली धरली.

"रंग मैंने ही ज़्यादा डाल दिया था इसमें. खराब हो गई. रेहाना, अपना चित्र पूरा करो."

मग त्यांनी एक नवा चमचा घेतला, स्वतःचा गाल खरवडला, काच रंगवली आणि माझ्या सूक्ष्मदर्शकाखाली ठेवली. "कुलकर्णी, ही बघून चित्र काढ." माझ्या जर्नलमध्ये माझी म्हणून जी पेशी आहे, ती मॅडमची आहे.

पुढच्या आठवड्यात लॅब रिकामी असताना त्यांनी मला पुन्हा दोन काचा करायला लावल्या, सरावासाठी म्हणून. दोन्ही त्यांनी नीट बघितल्या. मग हातातला टिपकागद त्यांनी इतका घडी केला की शेवटी तो वाकेना.

"रविवारी घरी ये," त्या म्हणाल्या. "खिचडी करते."

मॅडम फ्रीगंजात एकट्या राहत. साबुदाण्याच्या खिचडीवर शेव घातलेली बशी त्यांनी माझ्यापुढे ठेवली आणि विचारलं, "तुझी पाळी कधी आली?"

मी वीस वर्षांची होते आणि ती आलेली नव्हती. आमच्या घराण्यात उशिराच येते, असं आई म्हणायची. एका वैद्यांचा काढा चालू होता. मी ते सांगितलं. मॅडमनी ऐकून घेतलं आणि अजिबात आडवळण न घेता बोलल्या.

"तुझ्या पेशीत बहुतेक एकच एक्स आहे. माझी लॅब खात्री देऊ शकत नाही, त्यासाठी इंदूरला रक्त तपासावं लागेल. पण मला वाटतंय ते तुझ्यापासून लपवणं बरोबर नाही."

"म्हणजे मी मुलगी नाही?"

"त्या ठिपक्यावरून एक्स मोजतात, कुलकर्णी. मुलगी मोजत नाहीत. तू मुलगीच आहेस."

मी खूप रडले. मॅडम समोर बसून राहिल्या. उगी म्हणाल्या नाहीत. रडून झाल्यावर माझ्या डोक्यात जे आलं ते मी विचारलं. "पण मॅडम, दुसरा एक्स तर सगळ्यांच्यात गुंडाळूनच ठेवलेला असतो ना? तो कामाचाच नाही. मग माझ्यात तो नसला तर बिघडलं कुठे?"

मॅडमच्या हातातला चमचा तसाच राहिला. "परत विचार."

मी परत विचारलं.

"बावीस वर्षं मी शिकवतेय की दुसरा एक्स गप्प असतो," त्या म्हणाल्या, "आणि आजवर एकानं मला विचारलं नाही की मग तो लागतो कशाला." त्यांचे डोळे भरले होते आणि चेहरा मात्र खुलला होता, असा चेहरा मी पुन्हा कोणाचा पाहिला नाही. "तो पूर्ण गप्प नसतो गं. इतकं घट्ट बांधूनही त्याच्यावरची काही जनुकं बोलत राहतात. उंची वाढायला त्यांचं बोलणं लागतं. आणि ज्या पेशींची पुढे अंडी व्हायची असतात, त्या तर तो बांधलेला एक्स पुन्हा सोडून मोकळा करतात. तिथे दोन्ही लागतात."

"म्हणजे मला मूल..."

"बहुतेक नाही," मॅडम म्हणाल्या. त्यांनी नजर वळवली नाही. मग उठून त्यांनी माझ्या बशीत आणखी खिचडी वाढली, आणि आश्चर्य म्हणजे मी ती खाल्ली.

त्याच संध्याकाळी त्या आमच्या घरी आल्या. आईनं चहा ठेवला होता. मॅडमनी सगळं सांगितल्यावर तिनं तो कप पुढे केलाच नाही.

"माझी पोर धडधाकट आहे. कॉलेजात पहिली येते. आणि तुम्ही गालाची साल काढून सांगता की तिच्यात कमी आहे?"

"ताई, औषधं चालू करायला हवीत. हाडांसाठी, गर्भाशयासाठी. हृदयही तपासून घ्यावं लागतं यात. आधीच उशीर झालाय."

"उद्या चार घरी हे कळलं तर हिला कोण करून घेईल? तुमचं काय जातंय!"

मॅडम उठल्या. दारात म्हणाल्या, "गुरुवारी सकाळी मी देवास गेटला इंदूरच्या बसपाशी असेन. एकटीला पाठवा, चालेल. पण पाठवा." आई त्या चार दिवसांत माझ्याशी धड बोलली नाही. गुरुवारी मी एकटी निघाले, तिनं अडवलं नाही.

बस सुटायला पाच मिनिटं होती तेव्हा आई चढली. हातात डबा, पदरानं घाम पुसत. आमच्या मागच्या सीटवर येऊन बसली. वाटेतलं सांवेर गाव आल्यावर पुढे वाकून म्हणाली, "मॅडम, तुम्ही खिडकीपाशी बसा. तोंड उतरलंय तुमचं, गाडी लागते वाटतं तुम्हाला." तिनं पर्समधून आवळ्याची सुपारी काढून दिली. एवढंच झालं त्या दोघींत; माफी वगैरे कोणी मागितली नाही.

काही आठवड्यांनी रिपोर्ट आला. शेहेचाळीसऐवजी पंचेचाळीस गुणसूत्रं. डॉक्टरांनी त्याचं एक लांबलचक इंग्रजी नाव सांगितलं, गोळ्या लिहून दिल्या. हृदय ठीक निघालं. पाळी सुरू झाली तेव्हा आईनं गुपचूप शिरा केला आणि त्यातला एक डबा मॅडमकडे पाठवला. लग्नाची गोष्ट कालांतरानं घरातल्या बोलण्यातून निघून गेली. मी आता टावर चौकाजवळच्या एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये काम करते, दिवसभर सूक्ष्मदर्शकापाशी, आणि मला माझं काम आवडतं.

त्या वर्षानंतर मॅडमनी विभागप्रमुखांशी भांडून ते प्रॅक्टिकल बदललं. विद्यार्थ्यांच्या पेशी घ्यायच्या नाहीत. निवृत्त होईपर्यंत दर वर्षी सगळ्या वर्गासाठी त्या स्वतःचाच गाल खरवडत. उज्जैनमधल्या कितीतरी डॉक्टरांनी, मास्तरणींनी आणि औषधवाल्यांनी क्रोमॅटिन पाहिलंय ते मॅडमचं.

निवृत्तीनंतर त्या सांगलीला भाचीकडे राहायला निघाल्या. स्टेशनवर पोचवायला मी आणि आई गेलो. गाडी तासभर उशिरा होती. आई पाण्याची बाटली आणायला गेली तेव्हा मॅडम एकदम म्हणाल्या, "तुला वाटत असेल मी फार समजूतदार. तसं नाही."

त्यांच्या नोकरीच्या पहिल्या वर्षी हेच प्रॅक्टिकल होतं. मंजू नावाची मुलगी, शहराच्या टोकाला भैरवगढच्या बाजूची, ठेंगणी, लाजरी. तिच्या काचेत ठिपका नव्हता. "मला आनंद झाला होता गं," मॅडम म्हणाल्या. "पुस्तकात वाचलेलं प्रत्यक्ष दिसलं म्हणून. मी सगळ्या वर्गाला बोलावलं, 'आओ आओ, देखो, ऐसा रोज़ नहीं मिलता.' एकेकानं रांगेनं येऊन बघितलं. ती शेजारी उभी होती. दुसऱ्या दिवशी आली नाही. नंतर कधीच आली नाही. मी दोनदा भैरवगढला गेले, घर सापडलं नाही. आता तर आडनावही आठवत नाही. चौहान की चौरसिया." गाडीची घोषणा झाली. मॅडमनी माझा हात धरला. "तुला भेटली तर सांग. म्हणावं, तुझ्यात काही चूक नव्हती. चूक मॅडमची होती."

पुढे दर रविवारी फोन व्हायचा. हवापाणी, आईचे गुडघे, माझं काम, आणि ठेवायच्या आधी, "मंजू दिसली?" मी नाही म्हणायचे. "बरं," त्या म्हणायच्या. चार वर्षं. मागच्या वर्षी एका रविवारी फोन भाचीनं उचलला.

तेव्हापासून माझी नजर बदलली आहे. भाजीबाजारात, बँकेच्या रांगेत, कुठेही माझ्याएवढ्या उंचीची, माझ्याहून मोठी बाई दिसली की मी थांबते. गेल्या महिन्यात चादरी घ्यायला भैरवगढला गेले होते. मेण लावून कापड रंगवायच्या एका छपाईच्या कारखान्यात एक ठेंगणी बाई वाळलेल्या चादरींवरचं मेण खरवडत बसली होती. केस पिकलेले, मान रुंद, माझ्यासारखी. मी तिच्याजवळ जाऊन उकिडवी बसले.

"आप कॉलेज में पढ़ी हैं क्या? साइंस में?"

ती हसली. "मैं तो पाँचवीं तक पढ़ी हूँ, दीदी. क्यों?"

"कुछ नहीं. किसी को ढूँढ रही थी."

"नाम क्या है? यहीं की होगी तो मैं जानती होऊँगी."

मी मंजूचं नाव सांगायला तोंड उघडलं, आणि तोंडून निघालं ते मॅडमचं नाव.