मॅडमच्या यादीतला मदरबोर्ड

यवतमाळच्या ज्या दुकानात मी कॉम्प्युटर जोडतो, तिथं येणारं गिऱ्हाईक साधारण दोनच गोष्टी विचारतं. अटकणार तर नाही न, आणि गॅरंटी किती. आत काय बसवलं, हे कोणी विचारत नाही. त्यामुळे होळी झाल्यावर एका सकाळी चाळिशीच्या एक बाई रजिस्टरचं फाडलेलं पान घेऊन काउंटरपाशी आल्या आणि "हा बोर्ड नवी मेमरी घेतो की जुनी, ते आधी सांगा," म्हणाल्या, तेव्हा मालकानं माझ्या टेबलाकडे बोट दाखवलं आणि तो मोबाइलमध्ये डोकं घालून बसला.

बाई मुकुटबनच्या पलीकडच्या एका गावात जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवत होत्या. पहिलीतली निम्मी पोरं कोलाम आदिवासींची. घरी कोलामी बोलणारी. शाळेत आल्यावर दोन-तीन महिने ती पोरं भिंतीला पाठ लावून नुसती बघत बसतात, असं त्यांनी मला सांगितलं. त्यांच्यासाठी मॅडमला हलत्या चित्रांचे धडे करायचे होते. आवाज कोलामीतला, चित्रं तिथल्याच शेतांची, नाल्यांची, कोंबड्यांची. जुन्या लॅपटॉपवर दोन मिनिटांचा धडा तयार व्हायला अख्खा दिवस जायचा.

पान पेन्सिलीनं लिहिलेलं होतं. प्रोसेसर, त्याखाली मदरबोर्ड, त्याखाली मेमरी, "एकाच पाकिटातली जोडी" असा शेरा मारून. प्रोसेसर थंड ठेवणाऱ्या कूलरच्या पुढे त्याची उंची मिलिमीटरमध्ये, शेजारी कॅबिनेटमध्ये किती जागा आहे तो आकडा, आणि खाली वजाबाकी.

"पाच मिलिमीटर उरतात. पुरतील न?" त्यांनी विचारलं.

अकरा वर्षांत असा प्रश्न मला कोणी विचारला नव्हता. मी खुर्ची दिली, चहा सांगितला.

"पुरतील मॅडम. पण कूलर घेतच आहात तर हाच घ्या, मोठा. प्रोसेसरच्या डब्यात जो छोटा पंखा येते न, तो आपल्याकडे पुरत नाही. मे महिन्यात आपल्या घरातच चाळीसच्या वर असते. चित्रं बनवाले लावली की तासाभरात हात टेकन तो."

"माझ्या गावात कूलर म्हटलं तर लोक खस अन् टिल्लू पंप आणून देतील," त्या म्हणाल्या आणि हसल्या.

मग बोर्डाचं निघालं. त्यांनी लिहिलेला बोर्ड वाईट नव्हता, पण हलका होता. प्रोसेसरला वीज पुरवणारा बोर्डाचा जो भाग असतो, त्यावर जाड धातूच्या पट्ट्या असलेला दुसरा बोर्ड मी त्यांना दाखवला. तासन्‌तास काम करायचं तर हा भाग तापून चालत नाही, हे समजावलं. त्यांनी खोडरबरनं आपलं खोडलं आणि माझं लिहिलं. दोन तास गेले. त्या उठल्या तेव्हा ते पान आम्हा दोघांचं झालं होतं. संध्याकाळी घरी जाऊन मी बायकोला सांगितलं, आज एक गिऱ्हाईक आलं होतं बरं का.

मालक माझ्या मोठ्या बहिणीचा दीर. आयटीआय करून मी रिकामा बसलो होतो तेव्हा त्यानंच मला हे टेबल दिलं. बहिणीच्या घरात त्याचा शब्द चालतो. या गोष्टी सांगून मी माझी बाजू मांडतो आहे, हे मला कळतं.

दोन दिवसांनी मी पान पुढे ठेवून सामान मागवायचं म्हणालो, तर त्यानं मागच्या रॅककडे मान हलवली. तिथं जुन्या मेमरीचे बोर्ड खोक्यांत पडून होते. धूळ बसली होती.

"हा लाव."

"भाऊ, त्याईनं नव्या मेमरीचा सांगितला आहे. अन् हा हलका आहे."

"प्रोसेसर बसते न याच्यावर?"

"बसते."

"मंग? चालू होईन न? मेमरी ते दोन आहेत ना सुट्या, त्या लाव. बेरीज तेवढीच होते. पंखा डब्यातला."

"उन्हाळ्यात बंद पडन भाऊ."

"शाळेची बाई आहे ते. खोलून कोण पाहते? सील मार वरतून."

खरी फसवणूक इथंच होती. तो प्रोसेसर जुन्या-नव्या दोन्ही बोर्डांवर चालतो. अजिबात न जुळणारं सामान असतं तर कॉम्प्युटर सुरूच झाला नसता आणि मी सुटलो असतो. हे जुळत होतं. वेगळ्या पाकिटांतल्या, वेगळ्या वेगाच्या दोन मेमरी एकमेकींना ओढत का होईना, चालत होत्या. फक्त जे काम त्यातून करायचं होतं, त्याला ते पुरणार नव्हतं. मी एकदा बोललो, दुसऱ्यांदा नाही. कॅबिनेटसुद्धा मालकानं दुकानातलंच पडीक काढलं, अरुंद. मी सगळं नीट बसवलं. तारा सुबक बांधल्या. चारही स्क्रू आवळून जोडावर कागदी सील चिकटवलं.

मॅडम न्यायला आल्या. कॅबिनेट पाहून त्या म्हणाल्या, "हे वेगळं दिसते."

"ते बंद झालं मॅडम. त्याच्याहून भारी आहे हे," मालक म्हणाला.

"बाकी सगळं लिहिल्याप्रमाणे?"

"एक नंबर."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. त्याच्यावर विश्वास नव्हता म्हणून नव्हे, पान माझ्यासोबत लिहिलं होतं म्हणून.

"हो मॅडम," मी म्हणालो.

स्टँडवर खोकं घेऊन मीच गेलो. वणीच्या गाडीत खिडकीपाशी त्यांना बसवलं आणि खोकं मांडीवर दिलं. कंडक्टर डिक्कीत टाका म्हणत होता, त्या ऐकेनात.

एप्रिलमध्ये पहिला फोन मलाच आला. मेमरीचा वेग कमी दिसतो आहे, असं त्या म्हणाल्या. मी म्हणालो, "तसंच दाखवते मॅडम, काही फरक नाही पडत." हे मालकानं शिकवलेलं नव्हतं. हे माझं स्वतःचं.

मे लागला आणि फोन रोज येऊ लागले. धडा तयार करायला लावला की पंधरा-वीस मिनिटांत कॉम्प्युटर बंद पडत होता. मालकानं फोन हातात घेऊन सांगितलं की गावातल्या लाइटीचा प्रॉब्लेम आहे, व्होल्टेज नाही. त्यांनी स्टॅबिलायझर घेतला. फरक नाही. मग इन्व्हर्टर बसवला. फरक नाही. शेवटी मालक मला म्हणाला, "जाऊन ये एकदा. पंखा साफ कर, अन् लाइटीचंच सांग."

मी दुपारी पोचलो. गावात माणूस दिसत नव्हतं. मॅडमची भाड्याची खोली शाळेच्या मागे होती. खिडकीत कूलर लावलेला, खसाला पाणी मारलेलं, आणि कूलरचा झोत माणसांवर नव्हता. स्टुलावर ठेवलेल्या कॉम्प्युटरवर होता. कॅबिनेटच्या डोक्यावर ओलं पोतं पसरलेलं. स्वतः मॅडम कोपऱ्यात घामानं भिजलेल्या, आणि शेजारी एक म्हातारी कोलाम बाई पाय पसरून बसलेली. धड्यांना आवाज तिचा होता. सुट्ट्यांत, पेरणीच्या आधी, तिला वेळ असतो म्हणून ती रोज येत होती. रोज कॉम्प्युटर बंद पडत होता आणि ती परत जात होती.

"दाखवते," मॅडम म्हणाल्या. पडद्यावर एक मुलगी डोक्यावर घमेलं घेऊन शेताच्या धुऱ्यावरून चालली होती. मागे म्हातारीचा आवाज. मला शब्द कळला नाही, पण म्हातारी स्वतःचा आवाज ऐकून तोंडावर पदर घेऊन हसली. मॅडमनं पूर्ण धडा तयार करायला लावला. पंखा किंचाळायला लागला. थोड्या वेळानं पडदा काळा झाला.

"पोतं काहून टाकलं मॅडम? पाणी आत गेलं तर?"

"मग काय करू? खोलून पाहिलं असतं मी. पण सील तोडलं तर गॅरंटी जाते म्हणून सांगितलं होतं न तुमच्या मालकांनी."

मी सील तोडलं, स्क्रू काढले. त्या माझ्या शेजारी येऊन बसल्या. बाजूचा पत्रा निघाला आणि आतला तो तळहाताएवढा पंखा दिसला. त्यांनी बोर्डावरचं नाव वाचलं. पट्ट्या नाहीत हे पाहिलं. दोन मेमरींवरची दोन वेगळी स्टिकरं पाहिली. सगळं पाहून झाल्यावर विचारलं,

"हे तुम्ही जोडलं?"

"हो."

"डब्यातला पंखा पुरत नाही, हे तुम्हीच सांगितलं होतं मला."

"मालकानं सांगितलं तसं..."

"मालकाला मी ओळखत नाही," त्या म्हणाल्या. "मी तुम्हाला विचारलं होतं."

म्हातारीनं कोलामीत काहीतरी विचारलं. मॅडमनं तिला एकाच शब्दात उत्तर दिलं. काय सांगितलं, ते विचारायची माझी हिंमत झाली नाही. उठून त्यांनी मला पाणी दिलं. ते मी प्यालो, कारण उन्हातून आलो होतो आणि घसा कोरडा पडला होता.

दुकानात परत येऊन मी मालकाला म्हणालो, सामान बदलून द्यावं लागते. तो म्हणाला, "सील तुटलं न? गॅरंटी गेली."

"सील मी तोडलं भाऊ."

"मंग तूच पाह्य आता."

त्या रविवारी बहिणीचा फोन आला. "घरात कायले भांडण लावून राह्यला रे तू?" एवढंच ती म्हणाली. तिला कॉम्प्युटरचं काहीच माहीत नव्हतं. मीही सांगितलं नाही.

मोठा कूलर मी स्वतः मागवला. तो यायला आठवडे लागले. जूनमध्ये घेऊन गेलो तर त्या अरुंद कॅबिनेटमध्ये तो मावेना, बाजूचा पत्रा लागेना. ती वजाबाकी दुसऱ्या कॅबिनेटची होती. पत्रा काढून उघडंच ठेवलं. आता पंधरा मिनिटांऐवजी तासभर चालत होतं. त्यानंतर बोर्ड तापायचा. बोर्ड बदलायचा तर मेमरीही बदलावी लागणार होती, आणि तेवढं माझ्या हातात नव्हतं. मॅडमनं कूलरबद्दल आभार मानले, अगदी रीतीप्रमाणे. म्हातारी नव्हती. पाऊस पडला होता, ती सरकीच्या डोबणीला, शेतात बी टोचायला, गेली होती. आता दिवाळीपर्यंत तिला सवड नव्हती. शाळा उघडायला थोडेच दिवस राहिले होते. वीस धडे ठरवले होते, सहा झाले होते.

पुढच्या वर्षी त्यांची बदली बाभुळगाव तालुक्यात झाली. तिथं कोलामी बोलणारं एकही मूल वर्गात नाही. हे मला त्यांच्याकडूनच कळलं, यवतमाळच्या स्टँडवर. मी त्यांना आधी पाहिलं आणि सरकून जाणार होतो, तर त्यांनीच हाक मारली. घरच्यांची चौकशी केली. मग मीच विचारलं, "मॅडम, कॉम्प्युटर?"

"शाळेला देऊन टाकला. निकालपत्रकं टाईप करतात त्यावर. छान चालतो. बंद पडत नाही."

त्यात टोमणा नव्हता. टोमणा असता तर मला बरं वाटलं असतं. वर्षभर मी एक वाक्य मनात घोळवून ठेवलं होतं, मालकाचा माल, बहिणीचं घर, माझी नोकरी, असं सगळं एकत्र बांधलेलं. ते तोंडाशी आलं आणि मला त्यातला एकही शब्द त्यांना देण्याच्या लायकीचा वाटला नाही.

"अजून तिथंच आहात?" त्यांनी विचारलं.

"हो मॅडम."

"बरं," त्या म्हणाल्या. गाडी लागली होती. त्यांनी पिशवी उचलली आणि रांगेत जाऊन उभ्या राहिल्या.